दोन वेण्यांचा मुलगा

एका लेकराचे केस कापायला माणसाला किती लांब जावं लागतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, आणि तिथून औशाच्या अंगाला एका टेकडीपर्यंत. परत आल्यापासून कॉलेजातले सहकारी, गल्लीतले शेजारी, भाजीवाली, सगळे एकच विचारतात, झालं का जावळ, कसं झालं. मी हात हवेत उचलून सांगायला सुरुवात करतो आणि माझी बायको वैशाली तिथून उठून आत निघून जाते. तेव्हा एकदाचं लिहूनच काढतो. ज्यांना त्या टेकडीवर जायचा योग आलेला नाही त्यांनी वाचावं आणि देवाचे आभार मानावेत.

आधी आमचं प्रकरण समजून घ्या. मी भूगोल शिकवतो. चाळिशी उलटून गेल्यावर, आता आपल्या घरात फक्त नकाशेच राहणार असं वाटत असताना, मल्हार झाला. कुळाचा देव खंडोबा, म्हणून नाव मल्हार. आमच्याकडं मुलाचे पहिले केस, म्हणजे जावळ, खंडोबापुढंच काढायचे, तेही मामाच्या मांडीवर बसवून, आणि कापलेला एकही केस जमिनीवर पडू न देता आत्याच्या पदरात झेलायचा. त्याआधी कात्री लावायची नाही. आता हे जुळवायला देव, मामा, आत्या आणि बाप एका ठिकाणी आणावे लागतात. देव जागचा हलत नाही. बाकीच्यांचं कधी सुतक, कधी सोयाबीनची काढणी, कधी माझ्या परीक्षा. असं करता करता मल्हारला तिसरं लागलं आणि केस पाठीवर आले. वैशाली रोज सकाळी त्याला धरून दोन वेण्या घालायची, लाल रिबिनी बांधायची. गल्लीत नवीन आलेली माणसं त्याला 'बेबी' म्हणायची.

आणि ही बेबी चढायची. मल्हारला जमीन मुळात आवडतच नाही. चालायला तो उशिरा लागला, कारण त्याआधी त्याला खिडकीचे गज सापडले होते. एकदा मी वर्गातून घरी आलो तर तो फ्रिजवर बसून टोमॅटो खात होता. तिथं तो कसा गेला हे मला आजही समजलेलं नाही, आणि मी रोज मुलांना हिमालय कसा वर आला ते समजावून सांगतो.

यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझं म्हणणं, चढू द्यावं, अंगातली भीती आपली असते, ती त्याला देऊ नये. वैशालीचं म्हणणं, तुमचं तत्त्वज्ञान तुम्ही घरी असता तेवढ्या वेळापुरतं असतं, उरलेला दिवस त्याच्याखाली हात पसरून मी उभी असते. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला बजावून सांगितलं की टेकडीवर नैवेद्याचा सगळा स्वयंपाक तिच्याकडं आहे, तेवढा वेळ मुलगा तुमच्या हवाली. मी छातीवर हात ठेवून मान डोलावली. नाटकात करतात तशी.

अहमदपूरच्या अलीकडं

शनिवारी सकाळी निघालो. भोकरहून माझी थोरली बहीण शोभाताई आली होती. तिच्याशिवाय केस झेलणार कोण? मागं ती, मल्हार आणि पुरणाची डाळ, पुढं आम्ही दोघं. थंडीचे दिवस. लोह्याच्या पुढं दोन्ही बाजूंना तूर वाळून तांबूस झालेली, मध्येच हिरव्यागार हरभऱ्याचा पट्टा. शोभाताईला हरभरा दिसला की गाडी थांबवावीशी वाटते. मल्हारला काहीही दिसलं की गाडीतून बाहेर पडावंसं वाटतं.

अहमदपूर यायच्या आधी एका हॉटेलासमोर थांबलो. इथं जे झालं ते भल्याभल्यांच्या घरात होऊ शकतं. मी चहा सांगायला उतरलो, वैशाली आत आहे म्हणून किल्ली गाडीलाच ठेवून. वैशाली हात धुवायला उतरली, शोभाताई आत आहेत म्हणून. शोभाताई भजी बघायला उतरली, सुध्या तर इथंच उभा आहे म्हणून. सुध्या म्हणजे मी. आणि मग मागं 'खट' असा आवाज झाला. चारी दारं एकदम लागली. आत मल्हार माझ्या जागेवर उभा, दोन्ही हातांनी हॉर्न दाबत.

मी काचेवर थापा मारल्या. त्यानं आतून थापा मारल्या. त्याला खेळ वाटला. हॉटेलातली माणसं बाहेर आली, ट्रकवाले खाली उतरले, कुणी म्हणालं काच फोडा, कुणी तार आणायला गेलं. हॉटेलमालक पाना घेऊन आला आणि काचेतून आत डोकावून म्हणाला, "सर, पोरगी लई पोचलेली हाय."

"मुलगा आहे हो तो."

"मग तर आनिकच अवघड हाय," तो म्हणाला आणि पाना खाली ठेवला.

शेवटी शोभाताई पुढं झाली. तिनं कांदाभज्याची बशी मागवली, काचेला नाक लावून उभी राहिली आणि एकेक भजं डोळे मिटून, सावकाश, मान हलवत खायला लागली. चौथ्या की पाचव्या भज्याला हॉर्न थांबला. आतली काच विचार केल्यासारखी थोडी खाली आली आणि फटीतून एक लहान तळहात बाहेर आला. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

लातूर

मल्हारचा मामा, म्हणजे माझा मेहुणा दत्ता, लातुरात बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह चालवतो. लातूरला डॉक्टर व्हायची तयारी करायला कुठून कुठून मुलं येतात. आमच्या नांदेडातही क्लास आहेत, पण आमच्याकडं मुलं क्लास संपला की गोदावरीच्या घाटावर जाऊन बसतात. लातुरात ती क्लास संपला की दुसऱ्या क्लासला बसतात.

दत्ताकडं जेवण मात्र असं की प्रवासाचा शीण उतरावा. गरम धपाटे, घट्ट दही, शेंगदाण्याची कुटलेली चटणी आणि वर येसर आमटी, जी पहिल्या घोटाला नाकातून आणि दुसऱ्या घोटाला डोळ्यांतून बाहेर येते. दत्ताचं घर वसतिगृहाच्या खालीच आहे. जेवताना मला जाणवलं की डोक्यावर इतकी मुलं राहत असूनही एक आवाज नाही. मी विचारलं, मुलं बाहेर गेली आहेत का. दत्तानं बोटानं वर दाखवलं आणि हळू आवाजात सांगितलं की अभ्यासाला बसलीत.

मी बघायला वर गेलो. लांबलचक खोली, भिंतीला लावलेली टेबलं, प्रत्येक टेबलाला दिवा, प्रत्येक दिव्याखाली एक वाकलेली मान. सोळा-सतरा वर्षांची पोरं. कुणी पाय हलवत नव्हतं, कुणी खाजवत नव्हतं. मी इतकी वर्षं शिकवतो, पण वर्गात इतकी शांतता फक्त मी गैरहजर असतानाच पसरते असं ऐकून आहे. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

दत्ता कौतुकानं म्हणाला, "बघा दाजी. आपला भाच्या बी हितंच बसवायचा."

मी मागं वळलो तर भाच्या पायऱ्या चढून आत शिरला होता. टेबलांखालून रांगत तो खोलीच्या पार टोकाला गेला, पुस्तकांच्या लोखंडी मांडणीला पाय लावला आणि कुणी काही बोलायच्या आत तिच्या वरच्या फळीवर जाऊन बसला. तिथून त्यानं सगळ्यांकडं एकदा नजर टाकली आणि भौतिकशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक खाली सोडलं. धप्प! सगळ्या माना एकदम वर आल्या. मग कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. इतके हसले की त्यांच्या खुर्च्या हलायला लागल्या. एकानं त्याला खाली घेतलं, दुसऱ्यानं त्याच्याकडून मागून घेतलं, तिसऱ्यानं त्याची वेणी ओढून बघितली, आणि तो असा हातोहात खोलीभर फिरून माझ्याकडं परत आला.

दत्ता दारात उभा राहून बघत होता. तो मला म्हणाला, "ही पोरं हसायलीत, दाजी. आवाजच वळखू येईना मला."

तो धक्का मला भजी आणि हॉर्नपेक्षा मोठा होता. खाली आलो तेव्हा वैशाली मला रागावायच्या तयारीत होती. पण माझा चेहरा बघून तिनं फक्त विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, तो चढला. तिनं विचारलं, कुठं. मी सांगितलं. ती म्हणाली की बसायला शिकवायचं वय कुठलं आणि बसू न द्यायचं वय कुठलं, हे कुणीतरी आपल्याला सांगायला हवं होतं. आमच्या दोन पक्षांमधला तो पहिला तह. तो रविवारी सकाळपर्यंत टिकला.

टेकडी

सकाळी रस्त्यावर निलंगा राईस खाल्ला. हा तिखट मसालेभात लातूरकर न्याहारीला खातात, आपण पोहे खातो तसा, आणि वर विचारतात की तिखट कमी तर नाही झालं. मग टेकडीकडं निघालो.

आमचा खंडोबा तसा लहान. पण रविवार, आणि जावळाचा हंगाम. पायथ्याला गाड्यांची रांग. भंडाऱ्याची, म्हणजे देवावर उधळायच्या हळदीची दुकानं. नारळ, रेवड्या, आणि मामांसाठी एकच एक कपड्याचं दुकान. जावळ झालं की मामानं भाच्याला नवे कपडे घालायचे असतात. दत्तानं लातुरात हौसेनं घेतलेला सदरा घरी दाराच्या खिळ्याला तसाच लटकत राहिला होता, हे त्याला पायथ्याशी आठवलं. आता दुकानात लहान मापाचं फक्त एकच शिल्लक होतं, पोलिसाचा खाकी पोशाख, खांद्यावर चांदण्या, कमरेला पट्टा. दुकानदारानं सांगितलं, सकाळपासून हाच चालू आहे, बाकीचे सगळे मामाही कपडे घरीच विसरून येतात. आम्ही घेतला.

वर देवळाच्या मागं चुली पेटल्या होत्या. वैशाली पुरणावर बसली. न्हावी झाडाखाली, दत्ता मांडी घालून तयार, शोभाताई पदर पसरून. आणि मल्हार बसला. हा मुलगा कधी कुणाच्या मांडीवर बसत नाही, तो मामाच्या मांडीवर दगडासारखा बसला आणि वस्तऱ्याकडं डोळे फिरवून बघत राहिला. पहिली वेणी रिबिनीसकट शोभाताईच्या पदरात पडली. वैशालीनं पुरणातून मान वर केली आणि लगेच खाली घातली. दुसरी वेणी पडली. मग डोक्यावर भंडारा ओतला, खाकी कपडे चढवले, आणि मामाच्या मांडीवरून जे उतरलं ते एक पिवळंधमक, गुळगुळीत, छोटं फौजदार होतं. आम्ही हसलो, ओवाळलं, तोंडात साखर घातली.

"आता न्या त्याला दर्शनाला," वैशाली म्हणाली. "आणि हात सोडू नका."

मी हात सोडला नाही. दर्शन होईपर्यंत. मग देवळासमोर उजेड इतका सुंदर पडला होता की मला फोटो काढावासा वाटला. मल्हारला पायरीवर उभं केलं, फोन काढला, देवळाचा कळस फोटोत यावा म्हणून चार पावलं मागं सरकलो, अजून दोन सरकलो. कळस आला. खाली पायरी आली. पायरीवर कुणी नव्हतं.

आधी मी हसलोच. या मुलाचं हे नेहमीचं. मग डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि तोंडचं पाणी पळालं. त्या आवारात शेकडो माणसं, नारळ फुटत होते, भंडारा उधळला जात होता, दोन हातांवरचं दिसत नव्हतं. टेकडीच्या मागच्या अंगाला कठडा नाही, नुसता उतार आहे, हे मला माहीत होतं. उंच काही दिसलं की तो तिकडं जाणार हेही माहीत होतं.

मी ओरडलो, "मल्हाऽर!" आणि आजूबाजूच्या वीसेक माणसांनी हात वर करून मला साथ दिली, येळकोट येळकोट जय मल्हार, आणि एकानं माझ्या तोंडावर मूठभर भंडारा मारला. भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही की खंडोबाच्या टेकडीवर मल्हार नावाचा मुलगा हरवू नये.

मग मी धावलो. भेटेल त्याला विचारत सुटलो, एवढंसं लेकरू बघितलंत का, गोरं, दोन वेण्या, लाल रिबिनी. हो. दोन वेण्या. तुम्हाला वाचताना दिसतंय ते मला धावताना दिसत नव्हतं. इतके दिवस माझ्या डोळ्यांना तो वेण्यांसकटच माहीत होता, आणि डोळे शोधायला निघाले ते वेण्याच शोधायला. नारळवाल्याला मी सकाळचा फोटो दाखवला, रिबिनी नीट दिसाव्यात म्हणून बोटांनी मोठा करून. त्यानं हळहळून सांगितलं की असली पोरगी इकडं आली नाही. त्याच्या नारळांच्या ढिगाशी एक टकलं फौजदार पाठ करून बसलं होतं, त्याला मी हातानं बाजूला केलं आणि ढिगामागं वाकून बघितलं. अशी टकली फौजदारं आवारात चार-पाच तरी फिरत होती. मला त्यांच्या बापांचा हेवा वाटला. कशी नीट आपापल्या माणसांजवळ असतील, असं मनात आलं.

देवळाच्या ओट्यावर माइकवाले काका बसले होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि साऱ्या टेकडीला सांगितलं: दोन वेण्या घातलेलं, लाल रिबिनीचं लेकरू हरवलं आहे, मुलगा आहे, हो, मुलगाच आहे, नाव मल्हार, कुणाला दिसल्यास माइकपाशी आणावं. आणि साऱ्या टेकडीनं शोध सुरू केला. बायका आपापल्या वेणीवाल्या पोरींना जवळ ओढून बघायला लागल्या. दोन पोरी माझ्यापुढं आणून उभ्या करण्यात आल्या. त्या रडायला लागल्या. मीही रडायच्या बेतात होतो. मागच्या उताराच्या कडेला जाऊन मी खाली बघितलं. नुसते दगड आणि घायपात. खाली काही नाही हे बघून मागं वळलो, आणि नीट बघितलं ना म्हणून पुन्हा जाऊन बघितलं.

तेवढ्यात देवळाच्या पुढच्या बाजूनं गलका झाला.

देवळासमोर दगडी दीपमाळ आहे. खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, दिवे ठेवायला चारी बाजूंनी हातभर दगड बाहेर काढलेले. माणूस वर हात करून जिथं पोचेल त्याच्याही वरच्या दगडावर एक टकलं फौजदार उभं होतं. एका हातानं वरचा दगड धरून, एक पाय पुढच्या दगडावर टाकत. खालची माणसं ओरडत होती. कुणी चादर मागत होतं. एक तरणा गडी चढायला लागला, त्याला बघून ते पोरगं खिदळलं आणि आणखी एक दगड वर गेलं.

माझ्या स्वतःच्या काळजीत मला त्याचा भयंकर संताप आला. इथं माझं लेकरू हरवलंय, सगळी माणसं त्याला शोधायचं सोडून इथं गोळा झालीत, आणि कुणाचं तरी हे बेफाम कार्टं.

"कुणाचंय हे?" मी मोठ्यानं म्हणालो. "आईबाप कुठंयत याचे? लाज नाही वाटत, एवढ्या पोराला सोडून द्यायला?"

शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडं वळून जोरात मान हलवली. माझं बोलणं तिला पटलं होतं.

वरच्या फौजदारानं मान खाली वळवली. मला शोधून काढलं. आणि तोंडभर हसत म्हणाला,

"बाबा, बघ."

काय झालं ते सांगता येत नाही. ऐकू येणं बंद झालं. म्हातारी माझ्याकडं बघत होती, तरणा गडी अर्ध्यातून माझ्याकडं बघत होता, आणि वर, हळदीनं निसरड्या झालेल्या हातांनी दगड धरून, माझा मुलगा माझ्याकडं बघत होता.

मागून वैशाली आली. हाताला कणीक लागलेली. तिनं आधी दीपमाळेकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर तो घाबरला असता, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी तरण्या गड्याला खाली उतरायला लावलं. माणसांना हातानं गप्प केलं. हे एक बरं, की शिक्षकाचा हात वर गेला की मराठवाड्यातला माणूस गप्प बसतो. मग दीपमाळेला चिकटून उभा राहिलो. गेला महिना दीड महिना, वैशाली भाजी आणायला गेली की, मी मल्हारला गच्चीच्या लोखंडी शिडीवर एकच गोष्ट शिकवत होतो. चढणं त्याला येतच होतं. मी शिकवत होतो ते उतरणं. खाली बघायचं नाही, पोट भिंतीला, एक पाय सोडायचा, बोटांनी जागा शोधायची, सापडली की दुसरा. हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण शिडी हा शब्द उच्चारला असता तरी मलाच गच्चीवर राहायला जावं लागलं असतं.

"मल्हार," मी रोजच्या आवाजात म्हणालो, "पोट भिंतीला."

तो वळला. पोट दगडाला लावलं.

"आता पाय शोध."

एक खाकी पाय हवेत आला. इकडं चाचपला, तिकडं चाचपला. दगड सापडत नव्हता. वैशालीनं माझा दंड धरला, कणकेसकट. पाय आणखी खाली आला, अंगठा टेकला, मग सगळा तळवा. मग दुसरा. साऱ्या टेकडीवर आवाज नव्हता, फक्त लांब माइकवाले काका दोन वेण्यांच्या लेकराबद्दल सांगत होते. तिसऱ्या दगडावर त्याचा हात हळदीवरून सरकला. तो थांबला, हात चड्डीला पुसला, आणि पुन्हा धरला. पुसायचं मी शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्यानं शोधलं.

माझे हात पोचतील इतका तो खाली आला तेव्हा मी त्याला ओढून घेतलं नाही. घ्यावासा वाटत होता. पण तो म्हणाला, "मी," आणि मी थांबलो. आणखी एक दगड. मग खाली दगड नव्हते, आणि त्यानं न बघता, सरळ मागं, माझ्या छातीवर अंग सोडून दिलं.

माणसांनी आमच्यावर भंडारा उधळला. शेजारची म्हातारी मात्र तशीच उभी होती. तिनं मला वरून खाली बघितलं.

"तूच बाप हाईस व्हय? आन पोराला चढायचं शिकवलास?"

"न्हाई मावशी," मी म्हणालो. "उतरायचं."

तिला ते पटलं नाही. वैशालीला पटलं की नाही, हे तेव्हा कळलं नाही. तिनं त्याला माझ्याकडून घेतलं आणि चुलीकडं निघून गेली. मी माइकवाल्या काकांना सांगायला गेलो. त्यांनी आनंदानं विचारलं, सापडली का पोरगी.

परत

नैवेद्य झाला. वांग्याचं भरीत, पुरणपोळी, रोडगे. दत्ता मला दोनदा म्हणाला, जेवा की दाजी, सापडलंय न्हवं. परत निघालो तेव्हा मल्हार मागं शोभाताईच्या मांडीवर झोपला होता. चाकूर गेलं. मग वैशाली एकदम, समोर रस्त्याकडं बघत, म्हणाली की पुरण ढवळताना तिनं माइकवरचं सगळं ऐकलं होतं.

"मला वाटलं, कुणाचं तरी वेणीवालं लेकरू हरवलं. आणि नावपण मल्हार. मी देवाला म्हटलं, सापडू दे त्याच्या आईला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही त्याचा चेहरा कधी बघितला होतात की नाही हो?"

पुढं एक लिंबाचं झाड आलं, तिथं गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि मागं वळून बसलो. वैशालीही वळली. शोभाताईनं विचारलं, काय रे सुध्या, काय बिघडलं. मी म्हणालो, काही नाही, बघतोय.

झोपलेलं टकलं, पिवळं डोकं. डावा कान उजव्यापेक्षा थोडा बाहेर आलेला. तो माझ्या वडिलांचा. कपाळ मोठं, ते वैशालीच्या घरचं. कानाच्या वर, केस होते तिथं, एक तपकिरी डाग, बोरीच्या बीएवढा. वैशालीनं पदराचं टोक तोंडात ओलं करून तो पुसायला घेतला. तो गेला नाही. शोभाताई म्हणाली, अगं तो जन्मापासून आहे, दवाखान्यात मीच तर बघितला होता. आम्ही दोघं बघतच राहिलो.

पुसण्यानं तो जागा झाला. आपल्यावर वाकलेली दोन तोंडं त्यानं बघितली. आईच्या तोंडावर फार वेळ घालवला नाही. माझ्याकडं मात्र बराच वेळ, डोळे बारीक करून, बघत राहिला. मी आरशात स्वतःला पाहिलं नव्हतं. केस, भुवया, मिशा, सगळं हळदीनं माखलेलं होतं. मग त्यानं हात वर केला, माझ्या गालावरची हळद बोटानं खरवडली, खालून काय निघतंय ते नीट तपासलं, आणि शोभाताईकडं वळून तिला सांगितलं,

"बाबाच आहे."